दोन सेकंद थांब

तासगावच्या बेदाणा मार्केटात, चौदा नंबरच्या गाळ्यात
मी दोन पडद्यांसमोर बसते.
एक माझा: खातेवही, येणी, कुणाचा चेक परत आला.
दुसरा भिंतीवर, त्रेचाळीस इंची, सौद्याला जमलेल्यांसाठी:
लॉट नंबर, पेट्या, शेवटची बोली.
मधे लॅपटॉप. त्याची स्वतःची काच तडकलेली,
म्हणून हे दोन उसने डोळे.
त्यावर लिनक्स, कारण विंडोजच्या पैशात
जिनदत्तशेठनी वजनकाटा दुरुस्त करून घेतला.

लाईट गेली की पडदे मरतात,
लॅपटॉप बॅटरीवर एकटा जागा.
लाईट आली की जो आधी डोळे उघडेल
तो म्हणतो, मीच थोरला.
मग डावा उजवा होतो,
बाण भिंतीत शिरतो तो भलतीकडूनच निघतो,
आणि मी सेटिंगमध्ये जाऊन
दोन चौकोन ओढून जागच्या जागी लावते.
दिवसातनं तीनदा. चैत्रात पाचदा.

त्या गुरुवारी सावळजचा माल होता,
हिरवा, लांब मण्याचा.
इलाहीभाई बागवानांनी एक मणी दाढेखाली धरला,
एकशे ब्याऐंशी म्हणाले,
आणि लाईट गेली.
आली तेव्हा भिंतीवर लॉट नव्हता.
भिंतीवर माझं पत्र होतं.

श्री. जिनदत्त उपाध्ये यांस,
एक तारखेपासून मी कामावर येऊ शकणार नाही, कारण

आणि कारणच्या पुढे लुकलुकणारी रेघ.

चाळीस माणसं होती. आकडे वाचायची सवय,
अक्षरांना त्यांना जरा वेळ लागतो.
तेवढाही मला पुरला नाही.
मी बाण उजवीकडे ढकलला, तो डावीकडे पळाला.
शेवटी खंडू हमालानं
पेट्यांवरचं बारदान उचललं
आणि टीव्हीवर टाकलं.
शेठ तळहातावरचे मणी निवडत होते.
वर न बघता म्हणाले, पुढचा लॉट घ्या.

रात्री गाळ्यात बसून फाईल लिहिली.
प्रत्येक पडद्याच्या पोटात
एक जन्मटिपण असतं: कंपनी, साल, नंबर.
ते वाच, असं लिहिलं.
कुठल्या भोकात तार आहे ते विचारू नकोस,
कोण आहे ते विचार.
माझ्या जुन्या मॉनिटरच्या नंबरात नुसती शून्यं निघाली.
असू दे.
ज्याला नाव आहे त्याला भिंत दे,
बिननावाचा माझ्याकडे.
तार हलली की कर्नल हाक मारतो,
त्या हाकेला फाईल बांधली,
आणि स्विच पाडून पाहिला.

फसलं.
भिंतीवरचा झोपाळू. विचारलं तेव्हा गप्प,
आणि त्याच्या गप्पपणात
माझा मॉनिटर भिंत होऊन बसला.
परत पाडला, परत तेच.
साडेअकराला वॉचमन येऊन बघून गेला,
मॅडम, फ्यूज उडालाय का?
मग एक ओळ वाढवली, सगळ्यांच्या वर:
दोन सेकंद थांब.
आणि सगळ्यांच्या खाली:
ओळख पटली नाही तर भिंत काळी ठेव.

त्यानंतर किती वेळा लाईट गेली, मोजली नाही.
भिंतीवर लॉटच येतो.
खंडूनं तरी एक बारदान
घडी घालून टीव्हीखाली ठेवलंय, हलवू देत नाही.
शेठनी अजून काही विचारलेलं नाही.
एक तारीख येऊन गेली.
पत्र माझ्या पडद्यावर, वहीच्या मागे, उघडंच आहे.

काल सौदा तुटल्यावर इलाहीभाई टेबलाशी आले,
हातावर चार मणी ठेवले, खा म्हणाले,
आणि हळूच:
मॅडम, ते कारण काय लिहिलं मग?
मी म्हणाले, दोन सेकंद थांबा.
ते खरंच थांबले.
मी मणी चावला, बी लागलं,
आणि सत्तेचाळीसावा लॉट भिंतीवर टाकला.